ओंडक्यातला खिळा

दि. २ जुलै

प्रिय बारक्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. एकाच शहरात राहतो, मध्ये दोन बसचं अंतर, आणि दादा तिकीट चिकटवून पत्र पाठवतोय. पण तू फोन उचलत नाहीस. दार तुझी बायको उघडते आणि तू आत झोपलेला असतोस, सकाळी अकरालाही. माझे कान तुला माहीत आहेत. झोपलेल्या माणसाचा श्वास मला दारातून कळतो, आणि जागा असून झोपलेल्याचाही. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला कोणी दार उघडावं लागत नाही.

इकडची खबरबात म्हणजे, तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतो जिने चढू नका, आणि त्याचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. वर्कशॉपात काम भरपूर आहे. परवा एक ट्रकवाला आला, म्हणाला, नुसतं तेलपाणी बघा, चाकांवरच्या कमानी ठणठणीत आहेत. मी टेबलावरून उठलोही नव्हतो. गाडी फाटकातून वळताना जो आवाज झाला त्यावरून सांगितलं, डाव्या अंगाच्या मागच्या कमानीचा तिसरा पाटा तुटलाय. तो हसला. चहाची पैज लावली. जॅक लावून बघितलं तर तिसराच पाटा, मधोमध गेलेला. चहा पिताना तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच आदल्या दिवशी येऊन तोडून गेलो होतो.

असो. मुद्द्याचं लिहितो.

चौकशीचं तू फार मनाला लावून घेतलंस. तुझ्या हाताखालचा शिडीवाला गेला ते वाईटच झालं, पण त्यात तुझा हेतू होता असं कोण म्हणतंय? वाऱ्याने पडलेली फांदी रस्त्यावर आडवी, वाहनं खोळंबलेली, तू बागखात्याचा मुकादम, हातातल्या सुऱ्याने तोडायला लागलास. पातं मोडलं. टोकाकडचा वीतभर तुकडा उडाला आणि शिडी धरून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या मानेत बसला. तो हातभर पुढेमागे उभा असता तर तुम्ही दोघं आज त्यावर हसला असता. याला नशीब म्हणायचं, दुसरं काय.

आणि मी चौकशीच्या साहेबांसमोर तुझ्याविरुद्ध बोललो असं जे तुझ्या डोक्यात बसलंय, ते काढून टाक. सुरा मी बनवलेला, म्हणून त्यांनी मला बोलावलं. विचारलं, लाकडावर मारून असं पातं मोडतं का? मी म्हणालो, माझं पातं लाकडाने मोडत नाही. रस्त्याकडेची झाडं, लोक त्यांच्यावर पाट्या ठोकतात, आत जुना खिळा असणार, घाईत त्याच्यावर बसलं असणार. एवढंच बोललो. हे त्यांनी 'निष्काळजीपणा' म्हणून लिहून घेतलं, यात माझा काय दोष? कार्यालयाची हत्यारं सोडून घरचा सुरा वापरला हा ठपका तर तुझ्यावर तसाही बसणारच होता.

नोकरीची काळजी करू नकोस. निलंबन उठलं तर ठीक. नाही उठलं, तर माझ्याकडे ये. काचेची केबिन आहे तिथे खोकी ठेवलेली आहेत, ती मी हलवतो. वीस वर्षं दुसऱ्याच्या बागा राखल्यास, आता जरा आपल्या भावाच्या गल्ल्यावर बस. हसतोयस ना?

वहिनीने आठवण काढली आहे. निरोप धाड.

तुझा,
दादा


दि. २१ जुलै

प्रिय बारक्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. तुझ्या बायकोचा मात्र वहिनीला फोन आला होता, की केबिनची खोकी हलवू नका, ते येणार नाहीत. ठीक आहे. हलवली होती, परत ठेवली.

आज रविवार. मागच्या शेडमध्ये गेलो होतो. दीड महिन्यात भट्टी पेटलेली नाही. ऐरणीवर धूळ बसलीय, आणि वहिनीने तिच्यावर कुंडी ठेवली आहे. तुला तिचं नेहमीचं माहीतच आहे, घरात कांदा कापायला धड सुरी नाही आणि मागे राजाचं शस्त्रागार. पूर्वी ती हे पाहुण्यांसमोर म्हणायची आणि मी खूश व्हायचो. परवा एकटीच म्हणाली.

भिंतीवरचे सुरे बघत बसलो. लोकांना वाटतं, मोठा सुरा बनवणं म्हणजे ठोकणं. ठोकायला काय, गाढवही लाथा मारतं. ज्यांच्याकडे हे शिकलो ते मिस्तरी म्हणायचे ते आठवतं? हातोडा हाताने चालवायचा आणि पातं कानाने बनवायचं. कमानीच्या जुन्या पाट्याचं लोखंड इमानी, पण लांब पातं पाणी देताना दगा देतं. म्हणायचं पाणी आणि बुडवायचं तेलात. लालभडक पातं तेलात गेलं की ते आक्रसतं, आणि कुठे तरी केसाएवढी चीर जाते. डोळ्याला दिसत नाही. घासूनपुसून आरशासारखं करा, तरी दिसत नाही. ती फक्त ऐकू येते.

म्हणून आपली ती रीत. पातं दोऱ्याने आढ्याला टांगायचं. तू भिंतीकडे तोंड करून उभा, म्हणजे माझा चेहरा बघून ठरवायला नको. मी बोटाच्या पेराने तीनदा वाजवायचो. चांगलं पातं देवळातल्या घंटेसारखं लांबवर जातं, चिरलेलं मध्येच गप्प होतं. तू 'आहे' म्हणायचास किंवा 'नाही'. 'नाही' म्हटलं की त्याच क्षणी वाइसच्या जबड्यात धरून दोन तुकडे. मिस्तरींचा हुकूम होता, उद्यावर ठेवायचं नाही, उद्या माणसाला त्याची मूठ सुचते, परवा त्याची माया लागते.

तुझे कान माझ्याइतके तयार नाहीत, हे मी चारचौघांत सांगत आलो. पण एक गोष्ट कधी सांगितली नाही. मला आवाज आधी कळायचा आणि तरी मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. पाठीकडे म्हणायला हवं. स्वतःच्या पात्याला 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलायची नाही. ते काम तू केलंस, बारा वर्षं, दर रविवारी, आणि वर शिव्याही खाल्ल्यास.

तुझा सुरा मात्र तुला दाखवायचा नव्हता. मुकादम झालास म्हणून अचानक हातात द्यायचा होता. त्या रविवारी तुला मुद्दाम सांगितलं, येऊ नकोस, मला बाहेर काम आहे.

असो.

चौकशीच्या साहेबांकडे मला परत बोलावलं होतं, ते तुला कळलं असेल. छोटी खोली, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेलं. एका गठ्ठ्यावर आपल्या सुऱ्याचे दोन तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर तुझ्या नावाची चिठ्ठी. साहेब माणूस बारकाईचा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोडलेली कड मला दाखवली. म्हणाले, ही सगळी जागा राखाडी, साखरेसारखी चमकतेय, पण धारेकडे हा नखाएवढा काळा डाग कसला?

मी गंज म्हणालो. दोन दिवस ओल्यात पडून होतं ते, गंजणारच. त्यांनी लिहून घेतलं. त्यांना लोखंडातलं काय कळणार.

पुढची तारीख नऊ ऑगस्ट आहे. त्या दिवशी निकाल देणार म्हणतात. तू वकील बघितलास का? मी बघून देतो, नाही म्हणू नकोस. माझ्या ओळखीचा एक आहे, बोलताना दर वाक्याला घसा खाकरतो, पण माणूस हुशार आहे.

एवढं तरी कळव, की जेवतोस ना.

तुझा,
दादा


दि. ७ ऑगस्ट

बारक्या,

आज आशीर्वाद लिहीत नाही. ते द्यायची माझी लायकी आहे का, हे पत्र वाचून तू ठरव.

गेल्या गुरुवारी तुझ्या बायकोने मला फोन केला. वहिनीला नाही, मला. बोलली थोडं. मला मात्र तिच्या बोलण्यामागे दुसरंच ऐकू येत होतं. करवत चालली होती. बारीक दातांची, हातकरवत. ओल्या लाकडात करवत घुसमटते, ही मोकळी चालत होती, म्हणजे लाकूड दोन महिने तरी सुकलेलं. मी विचारलं, बारक्या काय कापतोय?

ती म्हणाली, "भावजी, खिळा शोधताहेत."

मग तिने सगळं सांगितलं. तू लाकडाच्या डेपोवर जाऊन रखवालदाराच्या हातापाया पडून त्या फांदीचा ओंडका घरी आणलास. गॅलरीत ठेवलास. रोज सकाळी उठून बोटभर जाडीची एकेक चकती कापतोस, दोन्ही बाजूंनी उन्हात धरून बघतोस, लोहचुंबक फिरवतोस, आणि भिंतीला लावून ठेवतोस. कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही. ती म्हणाली, आधी ते म्हणायचे, मी खिळ्यावर मारलं नाही. आता म्हणतात, दादा म्हणाला म्हणजे असणारच, दादाचे कान चुकत नाहीत, मलाच तेव्हा घाईत कळलं नसेल. खिळा सापडला की शिडीवाल्याच्या बायकोला नेऊन दाखवायचाय आणि म्हणायचंय, हा बघा, माझी चूक झाली.

ती बोलत होती आणि मी फोन कानाला घट्ट धरून करवत ऐकत होतो. तुला खरं सांगतो, मला काय वाटत होतं ते. मला वाटत होतं, लागू दे. आता या फेरीला तरी करवत लोखंडाला लागून किंचाळू दे. मी श्वास रोखून वाट बघत होतो. चकती गळून पडली, लाकूड लाकडावर पडल्याचा आवाज आला, आणि तू दुसरी सुरू केलीस.

ओंडक्यात खिळा नाही, बारक्या. तो मी ठोकला. साहेबांच्या खोलीत, खुर्चीत बसून, तोंडाने.

आता त्या रविवारचं सांगतो. तुझ्यासाठी आधी दोन पाती केली होती. दोन्ही वाकडी गेली, दोन्ही मोडली. तिसरं असं उतरलं की मला स्वतःचाच हेवा वाटला. हातभर लांब, पाठ सरळ, पोट भरलेलं, तुझ्या मनगटाच्या वजनाला तोललेलं. संध्याकाळ होत आली होती, दुसऱ्या दिवशी तुझ्या बढतीचा कार्यक्रम. तेलात घातलं. धूर निघाला, तेल खदखदलं, आणि त्या खदखदीत 'टिक्' असा आवाज आला. काडीपेटीतली काडी मोडावी, एवढासा. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. तुलाही कदाचित नाही.

मला आला.

मी मनाला म्हणालो, सांडशी वाजली असेल. रीतीप्रमाणे दोऱ्याने टांगलं आणि भिंतीकडे बघितलं, तिथे तू नव्हतास. मी वाजवलं. दोनदा लांब गेलं, तिसऱ्यांदा मध्येच गप्प झालं. म्हटलं, दोरा नीट बसला नसेल. दोरा बदलून परत वाजवलं. तेच. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मोठ्याने 'आहे' म्हणालो. तू म्हणतोस तसं, तुझ्या आवाजात, शेवटी जरा ओढून. रिकाम्या शेडमध्ये. आणि मला बरं वाटलं, कुणी तरी म्हणालं म्हणून.

मग पातं मंद आचेवर ठेवलं, मूठ बसवली, घासलं, चकाकलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात दिलं. तू तिथेच, सगळ्या बागवाल्यांसमोर, बोटाने वाजवून बघायला लागलास. मी तुझा हात धरला. म्हणालो, भेटवस्तू वाजवून घेतोस, मडकं आहे का ते? सगळे हसले. शिडीवाला सगळ्यात मोठ्याने हसला. त्याचं हसणं अजून कानात आहे, शेवटी खोकला लागायचा त्याला.

तो काळा डाग गंज नव्हता. चीर आधीची असली की ती नंतरच्या मंद आचेवर तापते, आत तेल जळतं आणि ती जागा काळी पडते. अपघाताच्या दिवशी मोडलेलं लोखंड मात्र चमकतं. साहेबांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं माझ्या त्या रविवारावर.

का खोटं बोललो, याचं मोठं कारण शोधलं, मिळालं नाही. दहाव्या वर्षी दुसऱ्याच्या गॅरेजात पाने-पकडी पुसायला लागलो, तिथून इथवर आलो. या शहरात लोक माझं नाव घेत नाहीत, 'कानवाले' म्हणतात. ते ऐकायची सवय लागली होती. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा बाकावर पंच म्हणून बोलावलेले माझ्या धंद्यातले दोघे बसले होते. त्यांच्यासमोर 'माझं पातं चिरलेलं होतं' एवढे शब्द उच्चारता आले नाहीत. बस, एवढंच. तुझी नोकरी, तुझी झोप, शिडीवाल्याच्या घरच्यांना दाखवायचं तुझं तोंड, हे सगळं मी त्या दोघांसमोर मान ताठ राहावी म्हणून दिलं. आणि वर तुला काचेची केबिन देऊ केली.

काल साहेबांकडे गेलो. लेखी जबाब दिला. 'टिक्' पासून 'गंज' पर्यंत सगळं लिहिलं, काळ्या डागाची तपासणी एखाद्या लोखंडाच्या जाणकाराकडून करून घ्या असंही लिहिलं. त्याची नक्कल या पत्राला जोडली आहे. साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "आधीच्या जबाबावरही सही तुमचीच आहे. आता हे माझ्या हातात राहिलेलं नाही, पोलिसांकडे जाईल." मी म्हणालो, जाऊ द्या. चहा मागवणार होते, तो मागवला नाही.

तिथून शिडीवाल्याच्या घरी गेलो. दुसरा मजला, एकच खोली, खिडकीशी शिलाईचं मशीन. दाराशी फळीवर त्याचे बूट अजून आहेत, पुसून ठेवलेले. मी उभ्यानेच सांगितलं. त्याची बायको मशीनवरून उठली नाही, पायही थांबवला नाही. शिवण संपेपर्यंत मशीन चालू होतं. मग तिने दोरा तोडला.

"तो सुरा तुम्ही स्वतःच्या घरात वापरला असता का?"

मी म्हणालो, नाही.

तिने कापड मशीनवरून काढून घडी घातली. मग म्हणाली, "तुमचा भाऊ तीनदा आला होता. तिन्ही वेळा मी त्याला दारातून घालवला. शेवटच्या वेळी जे बोलले ते कुत्र्याला कोणी बोलत नाही. तो मान खाली घालून म्हणाला, खिळा दिसला नाही हो मला. आता त्याला काय सांगायचं ते तुम्हीच लिहा. मला जमायचं नाही."

म्हणून तेही लिहितो आहे. तिने मला माफ केलेलं नाही आणि मी मागितली नाही. जिना उतरताना वरून मशीन परत सुरू झालेलं ऐकलं.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती शेडमध्ये गेली, ऐरणीवरची कुंडी उचलून जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, हे सगळं विकून टाका. मी भिंतीवरचे सुरे उतरवले आणि एकेक दोऱ्याला टांगून वाजवला. सगळेच्या सगळे घंटेसारखे वाजले. एकही मध्ये थांबला नाही. त्यांतला प्रत्येक तुझ्या पाठीमागे वाजलेला होता. तुझ्याशिवाय बाहेर गेलं ते पातं एकच.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र मी स्वतः येऊन दाराखालून सारणार आहे. दार वाजवणार नाही. आत करवत चालू असेल तर ती ऐकून परत जाईन. तू हे वाचलंस की ती थांबव. चकत्या गॅलरीतून काढ, तुझ्या बायकोला कपडे वाळत घालू दे. तू लाकडावरच मारलं होतंस. तुझा हात चुकला नाही, तुझी नजर चुकली नाही.

परवा दहा वाजता साहेबांच्या खोलीत मला सगळ्यांसमोर हेच तोंडाने सांगायचं आहे. तेच दोघे बाकावर असतील. तू येशीलच, तुला बोलावणं आहे. माझ्याकडे बघू नकोस. खिडकीकडे तोंड करून उभा राहा आणि ऐक. मी कुठे मध्येच गप्प झालो, कुठे आवाज आखडला, तर तिथल्या तिथे 'नाही' म्हण.

पुढे मला कुठे नेतील माहीत नाही. शेडची किल्ली कुंडीत आहे.

ज्याला ऐकू आलं होतं,
तो तुझा दादा